आपांच्या मेथीपुढचं इंग्रजी
नर्सिंगचा कोर्स झाला होता. सुई टोचताना माझा हात कधी थरथरला नाही, पण कोणी इंग्रजीत प्रश्न विचारला की दातखीळ बसायची. नागपूरच्या एका दवाखान्यातल्या मुलाखतीतून मी तशीच हात हलवत परत आले. घरात लगेच माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. तेवढ्यात दुसऱ्या दवाखान्याचं बोलावणं आलं. काकांनी बजावलं, "हे शेवटचं. मग पोरगी पाहुण्यायले दाखवू." ही नोकरी हुकली तर मी शेलूबाजारातच राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मैत्रिणीनं मंगरूळपीरच्या एका बाईंकडे नेलं. त्यांना सगळे आपा म्हणत. इंग्रजीत एम. ए. झालेल्या. नवऱ्याच्या कापड दुकानामागच्या खोलीत मुलींना शिकवायच्या. मी जीपमध्ये चेंगरून पोचले, तर आपा मेथी निवडत बसलेल्या. पुस्तक नाही, फळा नाही. माझ्यापुढेही एक जुडी टाकली. माझं डोकं तापलं.

"आपा, भाजी त मी घरीबी निवडतो!"

"अच्छा, मग हात चालूच ठेव. संगं तोंडबी चालू ठेव."

एक साधा शब्द घ्यायचा आणि तो मुरेपर्यंत सोडायचा नाही, अशी त्यांची रीत. मला मिळाला 'हँड'. मदत करणं म्हणजे 'लेंड अ हँड', प्रकरण हाताबाहेर गेलं की 'आऊट ऑफ हँड', कामानं मान वर करायला फुरसत नसली की 'हँड्स फुल'. पाठांतर चालत नसे. प्रत्येक वाक्प्रचारामागोमाग आपल्या घरात घडलेली गोष्ट इंग्रजीत सांगावी लागे. "घरात घडलं नाही, त थे तुयं झालं नाही," आपा म्हणायच्या. व्याकरण चुकलं तर त्या मेथीकडे बघत राहायच्या, मला थांबवायच्या नाहीत.

मुलाखतीत टेबलापलीकडच्या मॅडमनी विचारलं, एकदम खूप पेशंट आले तर काय करशील? 'माय हँड्स विल बी फुल,' मी म्हणाले. इथे थांबायला हवं होतं. पण सवयीनं गोष्ट सुरूच झाली. सोयाबीन काढणीचे दिवस, आई वावरात, आजोबा तापानं फणफणलेले, धाकटी ओट्यावरून पडून रक्तबंबाळ, आणि गोठ्यात म्हैस व्यायला आलेली. आधी कोणाकडे धावले, शेजारणीला कुठे बसवलं, सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. मधेच भान आलं की मी दवाखान्याच्या मुलाखतीत म्हशीपर्यंत पोचले आहे. तोंड मिटलं.

"अँड द बफेलो?" मॅडमनी विचारलं.

"फाइन, मॅडम. बेबी ऑल्सो फाइन."

टेबलापलीकडचे सगळे खो खो हसले. हीही नोकरी गेली म्हणून परतीच्या एसटीत मी ओढणीत तोंड घालून रडले.

नोकरी लागली. आजही वॉर्डात एखाद्या डॉक्टरशी मी बेधडक इंग्रजीत बोलते, तेव्हा मला मेथीचा वास येतो आणि आपा आठवतात. त्यांनी मला इंग्रजीपेक्षा बोलण्याची हिंमत दिली, आणि तेही कसला मोठेपणा न मिरवता.

नोकरी लागल्याची बातमी सांगायला मी त्यांना फोन केला होता. त्यांनी पहिल्यापासून सगळं विचारलं. मुलाखतीच्या खोलीचं दार कसं होतं, खुर्ची कशी होती, आत गेल्यावर बसायला कोण म्हणालं.

"मले कदी कोणी इंटरव्ह्यूले बोलावलंच नाही, बाई," आपा म्हणाल्या. "आज वाटलं, मीच जाऊन आली."