वत्सलाबाई, चौथीचा वर्ग आणि बाराची सावली

हैदराबादेत पोलीस अ‍ॅक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन वर्ष उलटलं असेल. जामबागेतल्या आमच्या शाळेत तोवर सगळं उर्दूतून चालायचं. आता मराठीचे प्राथमिक वर्ग नव्यानं उघडले होते. मी चित्रकलेचा मास्तर म्हणून ज्या सकाळी रुजू झालो, त्याच सकाळी वत्सलाबाई कंधारकर चौथीच्या वर्गावर रुजू झाल्या. नाव, गाव, घराणं काही न विचारता त्यांनी मला पहिला प्रश्न केला, जास्तीची सुतळी आहे का? मला जरा रागच आला. आमच्या हैदराबादेत निदान चहा तरी आधी विचारतात. पण ओळख झाली ती अशी, आणि ती आजवर टिकली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात चार शब्द लिहायला मिळावेत हे मी माझं भाग्य समजतो.

बाईंची शिकवण्याची एक रीत होती. मुलं हातानं काही करू लागली की त्या आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. मूल अडखळलं, सांडलं, रडकुंडीला आलं तरी ते हात पुढे येत नसत. माझ्यासारख्या उतावळ्या माणसाला हे बघवत नसे. एकदा मी एका मुलाची वाकडी रेघ सरळ करायला गेलो, तर बाईंनी शांतपणे मला फळा पुसायला लावलं.

त्या वर्षी शहरातल्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन ठरलं आणि प्राथमिकच्या मुलांनाही पहिल्यांदाच बोलावणं आलं. चौथीनं सावलीचं घड्याळ करायचं ठरवलं. अंगणात उंच काठी रोवायची, सावलीच्या टोकाशी खडे मांडत जायचं आणि सावली सगळ्यांत आखूड झाली की तिथे बारा. घोळ तिथेच झाला. शाळेच्या घड्याळात बारा वाजून जात आणि सावली आपली अजून आखूडच होत राही, जवळजवळ अर्धा तास. मुलांनी हेडमास्तरांना अदबीनं कळवलं की शाळेचं घड्याळ पुढे आहे. हेडमास्तर खवळले. मग बाई मुलांना घेऊन आबिड्सला पोस्टाचं घड्याळ बघून आल्या. तेही तेवढंच पुढे. चौथीचं ठाम मत झालं की सगळ्या शहराचीच घड्याळं चुकली आहेत.

हेडमास्तरांनी बाईंना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण नव्या वर्गांची नामुष्की होईल या भीतीनं त्याला ग्रासलं होतं. एक तर मुलांना कारण सांगून पाठ करून घ्या, नाहीतर बाराचा खडा मुकाट्यानं सरकवा, असं त्यांचं म्हणणं. बाई तेव्हा हंगामी होत्या. त्यांना कायम करायचं की नाही हे ज्यांच्या हाती होतं, तेच तपासनीस प्रदर्शनाला येणार होते. घरी म्हातारे वडील आणि शिकणारा भाऊ, मिळवत्या एकट्या बाईच. तरी त्या एवढंच म्हणाल्या, "मुलांनी जे पाहिलं तेच ती दाखवतील."

प्रदर्शनाच्या दिवशी तपासनीस साहेब मैदानात रोवलेल्या आमच्या काठीपाशी आले ते नेमके दुपारी. मनगटावरचं घड्याळ बघून हसत म्हणाले, "बारा बज गए बेटा. तुम्हारे बारा कब बजते?"

कुठल्या भाषेत बोलावं या धास्तीनं मुलं बाईंकडे बघू लागली. बाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं, गल्लीत खेळताना जसं बोलता तसंच बोला. चंपा नावाची चिमुरडी पुढे झाली. "थोड़ा रुको ना साहब, छाँव अब्बी छोटी होरी."

सोबतची मंडळी जेवणासाठी घाई करत होती. साहेब मात्र उन्हात थांबले, आणि शेवटी तर चक्क उकिडवे बसले. सावली आणखी दोन बोटं आखूड झाली, मग थबकली, मग वाढू लागली. साहेबांनी विचारलं, असं का? चंपा म्हणाली, "मालूम नहीं साहब. ढूँढरे हम लोगाँ." हेडमास्तरांचा चेहरा पडला. साहेबांनी बाईंकडे पाहून विचारलं, तुम्ही सांगितलं नाही? बाई म्हणाल्या, अजून नाही, मुलं उत्तराच्या वाटेवरच आहेत. साहेब उठले आणि निघून गेले. बक्षीस विजेची घंटा करणाऱ्या शाळेला मिळालं.

पुढचे काही आठवडे बाई रोज नेहमीसारख्या येत, पण डबा उघडून तसाच मिटत. त्यांना कायम केल्याचा हुकूम आला का, ते मी रोज कचेरीत विचारून येई. याच बाईंनी, मला टायफॉईड झाला तेव्हा चिक्कडपल्लीच्या माझ्या खोलीवर भावाच्या हाती रोज मऊ भात पाठवला होता आणि आभार मानायला गेलो तर "डबा घासून परत करा" एवढंच म्हणाल्या होत्या. अखेर हुकूम आला. बाई कायम झाल्या होत्या, आणि इतर शाळांच्या प्राथमिक शिक्षकांना त्यांच्या वर्गात बसवावं, असंही साहेबांनी कळवलं होतं.

पण मला त्याहून एक रविवार मोलाचा वाटतो. मी बाईंकडे गेलो असताना चंपा धापा टाकत आली. कलकत्त्याहून आलेल्या मामानं तिला सांगितलं होतं की तिकडे दिवस लवकर मावळतो. "बाई, सूर्य आधी तिकडे जातो, मग आपल्याकडे येतो. आणि घड्याळ मात्र साऱ्या देशाचं एकच." पूर्ण कारण याहून थोडं मोठं आहे, पण ते पुढच्या इयत्तांचं काम. बाई खाली बसल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "खरं? मला सगळं सांग." सगळं ठाऊक असलेल्या त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते नाटक नव्हतं.

वत्सलाबाईंना उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो. त्यांना पूर्वीच ठाऊक असलेली गोष्ट सांगायला पोरं त्यांच्या दाराशी अशीच धावत येवोत, आणि बाईंना ती दर वेळी नवी वाटो.