कुटुंबात भाऊ बसतो का?

विम्याचा एजंट फाटकाशी आला की सुमनअक्का त्याला आधी पाणी देत आणि त्याचा पेला रिकामा व्हायच्या आत एकच प्रश्न विचारत, "तुमच्या कंपनीच्या कुटुंबात भाऊ बसतो का?" तो बिचारा हप्ता, सवलत, दवाखान्यांची यादी असं सगळं पाठ करून आलेला असायचा. "बसवू की अक्का! आपण बसवू!" असं जो लगेच म्हणे, त्याची बोळवण पाण्यावरच व्हायची. "नक्की माहीत नाही, बघून सांगतो," असं म्हणणाऱ्याला मात्र चहा मिळे. जळगावात आमची घरं समोरासमोर. दुकानाला सुट्टी असली की मी ओट्यावर पेपर घेऊन बसायचो आणि पेपरापेक्षा समोरचंच जास्त वाचायचो. चहा मिळालेले एजंट मला फारसे आठवत नाहीत.

अक्का मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. उंच, सडसडीत, आवाज असा की वर्गाबाहेरच्या मुलीही सरळ बसाव्यात. घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ रामा, दोघंच. रामाला लहानपणापासून फिट यायच्या. पन्नाशी उलटली तरी चेहरा पोरासारखा, बोलणं मोजकं आणि तेही सगळं अहिराणीत. अक्का आमच्याशी शुद्ध मराठी बोलत आणि मान वळवून त्याला म्हणत, "रामा, पायमा चप्पल घाल. कोठे जाई राहिना?" घरातल्या एकाही आतल्या दाराला कडी नव्हती, न्हाणीघराला सुद्धा नाही. रामाला आत फिट आली तर दार फोडत कोण बसणार, म्हणून त्यांनी सगळ्या कड्या काढून टाकल्या होत्या. आणि ज्या घरात एकही कडी नव्हती, त्या घरातून अक्कांना दोन दिवस कुठे बाहेर पडता येत नव्हतं. शाळेची सहल नाही, लग्नकार्य नाही. भूगोलाच्या बाईंनी समुद्र नकाशावरच बघितला.

आरोग्य विम्याचं वेड त्यांना निवृत्तीनंतर लागलं. वेड हा माझा शब्द. रामाला एकदा भर बाजारात फिट आली, डोक्याला मार लागला आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे बरेच दिवस ठेवावं लागलं. सरकारी योजनेचं कार्ड होतं, पण त्या दवाखान्यात ते चालेना. तेव्हापासून दिवाणावर वेगवेगळ्या कंपन्यांची माहितीपत्रकं मांडलेली असायची. भरताचं वांगं घेताना जशी पारख करतात, तशी त्या एकेक पत्रक तळहातावर घेऊन जोखून बघत. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल की भरताला वांगं मोठं पण हलकं हवं, जड निघालं तर आत नुसत्या बिया. "हे जड आहे, विजू," अक्का म्हणत, "आत अटीच असणार." मग पत्रक उलटं करून शेवटच्या पानापासून वाचायला लागत. "यांचे दवाखाने बघ, सगळे पुण्याला. म्हणजे फिट आली की रामाने पुण्याची गाडी धरायची का?"

माझी पॉलिसी त्यांनीच निवडून दिली. मी स्वस्त हप्त्याला भुललो होतो. त्यांनी माझे कान उपटले, "हप्ता नंतर बघ. आधीचे आजार कधीपासून धरणार, खोलीच्या भाड्याला मर्यादा काय, बिलातला वाटा तुझ्या गळ्यात किती, ते आधी बघ." पुढे माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या खिशाला तोशीस पडली नाही. त्या दिवशी मी त्यांच्या पायाच पडणार होतो. नंतर कळलं की मी तेव्हाच पुरता अडकलो होतो.

त्यांचं स्वतःचं घोडं मात्र त्या एका प्रश्नावर अडत होतं. कंपन्यांच्या कुटुंबात नवरा-बायको बसत, मुलं बसत, आईवडील बसत, काहींच्यात सासू-सासरेही. भाऊ बसत नसे. "बघ ना," अक्का एकदा चिडून म्हणाल्या, "ज्यांनी मला मारलं ते सगळे बसतात. ज्याने मला आणलं तो बसत नाही."

ती हकीकत त्यांनी एकदाच सांगितली. एरंडोलजवळच्या खेड्यातून त्यांना शिंदखेड्याला दिलं होतं. सासरी हात उगारणं रोजचंच. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरी नांदणाऱ्या मुलींना माहेरी न्यायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून येतो, पण वडील गेलेले आणि भाऊ फिट येणारा, तेव्हा कोण येतंय, असं म्हणून सासूने अक्कांना कामाला जुंपलं. आणि आखाजीच्या आदल्या दिवशी रामा दारात उभा! धुळ्याला गाडी बदलून, विचारत विचारत एकटा आला होता. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "अक्काले लेवाले उनू." म्हणजे अक्काला न्यायला आलोय. सासूने धुडकावलं, सासऱ्याने दम भरला. हा जागचा हलेना. जेवण नको, पाणी नको, विचारलं की एकच वाक्य. संध्याकाळी आळी गोळा झाली, तेव्हा लाजेकाजेने सासऱ्याने अक्कांना पाठवलं. अक्का परत गेल्याच नाहीत. शिकल्या, नोकरीला लागल्या, आईच्या मागे रामाला घेऊन जळगावला आल्या. "त्याला वाटेत फिट आली असती तर?" मी विचारलं. "आली होती," त्या म्हणाल्या. "धुळ्याच्या स्टँडवर. उठला आणि पुढच्या गाडीत बसला."

एक एजंट म्हणाला, "फिटचं लिहूच नका ना अक्का. कोणाला कळतंय?" त्यांनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला. "फिट काय कपाटात ठेवायची वस्तू आहे? बाजारात पडतो तो! अख्ख्या जळगावाला माहीत, आणि तुमच्याच कंपनीपासून लपवायचं?" दुसऱ्याने सुचवलं की भाऊ बसत नसेल तर दत्तक मुलगा दाखवू. त्यावर मी पोट धरून हसलो. अक्का हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या खरोखर वकिलाकडे गेल्या आणि बहिणीला भाऊ दत्तक घेता येतो का, असं विचारून आल्या. येत नाही म्हणे. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघून माझं हसणं मला भारी पडलं.

शेवटी एक कंपनी सापडली, तिच्या कुटुंबात भाऊ बसत होता. अक्कांनी कॉलनीत पेढे वाटले. तपासण्या झाल्या आणि पत्र आलं: बाईंना आनंदाने घेऊ, भावाला घेता येणार नाही. "मला घ्या म्हणून कोणी अर्ज केला होता?" अक्का म्हणाल्या. मग दुसरी सापडली. ती दोघांना घ्यायला तयार होती, फक्त फिट आणि फिटमुळे होणारं काहीही सोडून. "म्हणजे भरीत देणार, वांगं सोडून," असं म्हणत त्यांनी सही केली. मलेरिया तरी धरतील, एवढंच समाधान. त्या दिवसापासून दिवाणावरची पत्रकं गेली. मला वाटलं, अक्कांनी नाद सोडला.

त्याच हिवाळ्यापासून भरताचे डबे सुरू झाले. मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची आणि रामाच्या हाती कॉलनीत कोणाकडे तरी डबा धाडायचा. आज या घरी, उद्या त्या घरी. "अक्कानी भरीत धाडं," एवढं म्हणून रामा दारात उभा राहायचा. कोणी डबा घेऊन दार लावून घेई. कोणी उंबऱ्याबाहेरच "थांब हं" म्हणून डबा रिकामा करून देई. माझी बायको सुनीता त्याला आत बोलावून ताट वाढायची. मला ते आवडत नसे, खरं सांगतो. दिवसभर दुकानात डोकं पिकवून यावं, तर जेवायला समोर रामा, एकटक बघणारा.

एका दुपारी तो आमच्याच घरात पडला. मी गांगरलो, त्याला हुंगवायला कांदा फोडायला धावलो. सुनीताने मला हटकलं, त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सरकवला, भोवतालच्या खुर्च्या बाजूला केल्या आणि शांत बसून राहिली. शुद्धीवर आल्यावर त्याचं तोंड पुसलं आणि राहिलेली भाकरी त्याच्यापुढे ठेवली. अक्का तोवर दारात येऊन उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत, नुसतं बघत होत्या. त्यानंतर डबा आमच्याकडेच यायला लागला. मला वाटलं, माझ्यावर मेहेरबानी आहे.

गेल्या वर्षी अक्कांच्या पोटात गाठ निघाली. निघाली तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांचं विम्याचं कार्ड दवाखान्यात पहिल्या फटक्यात चाललं. "बघ," त्या कॉटवरून म्हणाल्या, "ज्याला नको त्याला लगेच मिळतं." रामा तेव्हा आमच्याकडे झोपत होता. मी दुकान विकायला काढलं होतं. मुलगी नाशिकला, तिच्या जवळ राहायला जायचं आमचं ठरलं होतं, फ्लॅटही बघून झाला होता. हे कधी सांगावं म्हणून मी शब्द जुळवत होतो. अक्कांनी मला वेळ दिला नाही.

"विजू, कंपन्या बघून माझ्या केव्हाच संपल्या होत्या. मग मी घरं बघायला घेतली."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तडकलो. मरणाऱ्या माणसावर तडकू नये, पण तडकलो. "म्हणजे ते भरीत... तुम्ही आम्हाला तोलत होतात?"

"भरीत चांगलंच व्हायचं की," अक्का म्हणाल्या. "आणि तुला नाही निवडलं. तू तर कांदा शोधत होतास. सुनीता खरी निघाली."

"अक्का, आम्ही नाशिकला जायचं ठरवलंय."

"माहीत आहे. म्हणून तर आज बोलले."

खोलीचं दार उघडं होतं, उठून गेलो असतो तर त्या बाईने मला धरलं नसतं. तेवढंही बळ तिच्यात उरलं नव्हतं. मी खुर्चीतून हललो नाही. शेवटी कसंबसं म्हणालो, "बघून सांगतो."

अक्कांनी डोळे मिटले. तशाच म्हणाल्या, "त्या थर्मासमध्ये चहा आहे. घे."

मी तो चहा प्यायलो. इतका कडू चहा मी जन्मात प्यायलो नाही, आणि त्यात साखर बरोबर होती.

पुढच्या आठवड्यात अक्का गेल्या. त्यांना नेलं, सगळं झालं, तरी रामा दवाखान्याच्या पायरीवरून उठेना. लोकांनी समजावलं, पाणी दिलं, त्याने घेतलं नाही. "अक्काले लेवाले उनू," एवढंच. मी हात धरून ओढलं, तर त्याने पायरीची कड घट्ट धरली. मग सुनीता आली आणि त्याच्याशेजारी बसली. दोघं किती वेळ तशी बसली होती, मी मोजलं नाही. उन्हं कलली तेव्हा तो तिच्यामागे चालत आमच्या घरी आला.

मुलीचा दर रविवारी फोन येतो, "पप्पा, कधी येताय?" मी म्हणतो, बघून सांगतो. रागही येतो. रामा जेवायला समोर बसतो, अजूनही एकटक बघतो, आणि मी मनातल्या मनात अक्कांशी भांडतो, की मला न विचारता तुम्ही माझ्या घराची सही करून टाकलीत. माझ्या पॉलिसीचं नूतनीकरण आलं तेव्हा एजंट घरी आला. त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्या कुटुंबात समोरच्या घरातला माणूस बसतो का?" त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. तो हसला. त्याला चहा दिला नाही.

काल सकाळी सुनीताने सुताराला बोलवायला सांगितलं. सुतार एवढ्याशा कामाला यायला तयार नव्हता, मग मीच पेचकस घेतला. न्हाणीघराची, झोपायच्या खोलीची, मागच्या खोलीची, आतल्या सगळ्या कड्या काढल्या. रामा शेजारी उभा राहून स्क्रू हातात घेत होता.