न बोलणारा बीव्हर

मार्लिस ट्वेट ही नेब्रास्काच्या मक्याच्या रानात वाढलेली, टायरवाल्याची मुलगी. वर्गात ती तोंड उघडायची नाही, म्हणूनच कॉलेजने तिला आपला बीव्हर केलं: सामन्यांत या चपट्या शेपटीच्या, पाण्यात राहणाऱ्या प्राण्याचं सोंग घेऊन लोकांना हसवायचं. त्या केसाळ सोंगात शिरलं की बोलायचं नाही, मुंडकं काढायचं नाही, हा कॉलेजचा जुना दंडक. मार्लिसने तो इमानाने पाळला.

नदीपलीकडच्या कॉलेजशी सामना होता; त्याच्या आदल्या दुपारी तिथल्या पोरांनी सोंगातल्या तिला पुलावर गाठलं. दरवर्षी बीव्हरची शेपटी तोडून पळवली की त्यांचं भागायचं. यंदा चौघांनी बीव्हरलाच उचलून कठड्यापलीकडे धरलं.

"बीव्हर ना रे तू? मग पोहून दाखव की!"

मुंडक्याच्या जाळीतून तिला खालचं काळं पाणी दिसलं. तिला पोहता येत नव्हतं. तिने पंजे जोडले, पाय झाडले. पोरं खदाखदा हसली. बीव्हरने काहीही केलं तरी लोक हसतातच मेले! एकाची पकड सुटली, तशी ती किंचाळली, "सोडू नका रे! मला पोहता येत नाही!"

आतून मुलीचा रडवेला आवाज ऐकून पोरं चपापली. तिला पुलावर ठेवून त्यांनी धूम ठोकली.

तेवढ्यात तिच्याच कॉलेजच्या, सामन्यात घोषणा देणाऱ्या टोळीचा म्होरक्या डॅरिल धावत आला. "अगं, तू बोललीस? त्यांच्यासमोर?"

मार्लिसने मुंडकं काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"घाल. आणि बस त्या कठड्यावर."

डॅरिलने खाली पाण्याकडे पाहिलं. मुंडक्याला काही त्याने हात लावला नाही.