अर्ध्या चेहऱ्याच्या बाहुल्या

मी चिंध्यांच्या बाहुल्या करतो असं सांगितलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात. पोलादाच्या प्लांटमधल्या रोलिंग मिलमध्ये सगळी नोकरी झाली, त्यात हे हात रुंद आणि टणक होऊन गेले. त्यात सुई धरलेली बघून आमच्या जावयांनाही सुरुवातीला हसू आवरत नसे.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि आम्ही दोघं खुर्सीपारमधल्या आमच्या लहानशा घरात राहायला आलो. मुलगी जवळच्याच नंदिनी नगर या वस्तीत असते, जावई तिथल्या चुनखडीच्या खाणीत आहेत. बायको आजूबाजूच्या बायकांची पोलकी शिवायची आणि त्याचं कातरण एका पोत्यात साठत जायचं. एका हिवाळ्यात नात तापाने आमच्याकडे पडून होती. तिला रमवायला म्हणून मी माझ्या जुन्या बनियनचा गोळा केला, दोऱ्याने मान आवळली आणि पोलक्याच्या तुकड्याचा फ्रॉक घातला. नात बरी होऊन घरी गेली. माझं काम मात्र सुरूच राहिलं.

बाहुली करायला फार काही लागत नाही. जुन्या सुती लुगड्याचं मऊ कापड, आत कोंबायला चिंध्या, केसांना काळी लोकर. हातापायाच्या नळ्या उलटवून त्यांत पेन्सिलीने चिंध्या ठासायच्या. डोळे मी सगळ्यात शेवटी घालतो. डोळे घातले की ती बघायला लागते, आणि बघणाऱ्या बाहुलीला चिमटीत धरून सुई खुपसणं मला नको वाटतं. झालेल्या बाहुल्या विहारात रविवारी येणाऱ्या पोरांना द्यायचो, नाहीतर गल्लीतल्या लेकरांना. त्यापायी दुपार कशी सरायची ते कळायचं नाही.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलो. परत येताना गाडीत माझं डोकं फार दुखलं. घरी येऊन पडून राहिलो, गोळी घेतली, आणि बरं वाटलं. ऊन लागलं असेल म्हणून सोडून दिलं.

त्यानंतर बायको गप्प गप्प राहायला लागली. मला वाटलं, नागपूरला नातेवाइकांत काही बोलाचाली झाली असेल. जेवताना मी कुरकुर करायचो की भाजी का वाढली नाही. ती ताट जरासं फिरवून ठेवायची, आणि भाजी समोर असायची. तिने ती आत्ताच वाढली असं मी धरून चालायचो. डाव्या कोपराला खरचटलेलं असायचं आणि कशाने ते आठवायचं नाही. दाढी केल्यावर ती म्हणायची, डावा गाल राहिला. मी ब्लेडला दोष द्यायचो.

एका दुपारी शेजारच्या ओट्यावर बसलो होतो. शेजारी छत्तीसगढी कुटुंब आहे, नवरा रसमड्याच्या एका कारखान्यात जातो. त्यांची धाकटी मला बबा, म्हणजे आजोबा, म्हणते. तिने माझीच एक बाहुली आणून मांडीवर ठेवली. हात उसवला होता. कुठे उसवलाय ते बघायला मी बाहुली हातात फिरवत होतो, तेव्हा अंगठा तिच्या चेहऱ्यावरून गेला आणि थांबला. एक डोळा माझा होता, दोन टाके आडवे, दोन उभे. दुसरा माझा नव्हता. तो गोल आणि उठावदार होता, सुईला दोऱ्याचे वेढे देऊन घातलेली गाठ. तशी गाठ आमच्या घरात फक्त बायकोला जमते. ओठसुद्धा अर्धा माझा आणि अर्धा तिचा होता.

मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. माझं काम तिला पसंत नव्हतं तर तसं सांगायचं. असं लपून सुधारायचं कशाला? घरी आलो तेव्हा ती मशीनवर होती. मी विचारलं तर म्हणाली, दोरा ढिला झाला होता, म्हणून घातला. मान वर करून बोलली नाही. मी मग डब्यातून त्याच दिवशी सकाळी पुरी केलेली बाहुली काढली, तिच्यापुढे धरली आणि विचारलं, "हिच्यात काय कमी आहे, सांग मले."

तिने मशीन थांबवलं. बाहुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी घाबरलो, कारण ती सहसा रडत नाही.

"तुमाले काय दिसून राहिलं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, बाहुली दिसते. डोळे आहेत, तोंड आहे.

ती उठून जवळ आली. माझा अंगठा धरून तिने बाहुलीच्या चेहऱ्यावर ठेवला. डोळा लागला. तिथून खाली ओठ लागला. ओठावरून तिने माझा अंगठा डावीकडे सरकवला तेव्हा ओठ मध्येच संपला. पुढे नुसतं कापड होतं. वर कपाळापर्यंत नेला तरी कापडच. टाका नाही, गाठ नाही, काही नाही. मी तरीही समोर बघत होतो आणि मला पूर्ण चेहरा दिसत होता. माझा अंगठा एक सांगत होता आणि डोळे दुसरंच.

मग तिने बाहुली उलटी केली, डोकं खाली. आता मला कोरं कापड दिसलं. आणि जो डोळा मी स्वतः घातला होता, जो क्षणभरापूर्वी समोर होता, तो कुठेच नव्हता.

मी तिथेच कातरणाच्या पोत्यावर बसलो.

"नागपूरवरून आलो तवापासून तुमी एकच डोळा काढून राहिले," ती म्हणाली. "मी रोज दुसरा घालून देत होती."

"मग सांगितलं कावून नाही?"

तिचा थोरला भाऊ भंडाऱ्याकडच्या गावात लकव्याने पडला होता आणि खाटेवरून उठलाच नव्हता. तिने लहानपणापासून त्याच्या हाताने घास खाल्ला होता, आणि शेवटी तिनेच त्याला भरवलं होतं. तो शब्द आमच्या घरात कोणी काढत नसे.

"म्हटलं, मी शिवून टाकलं त कोणाले दिसनार नाही," ती म्हणाली. "आन् दिसलं नाही त ते झालंच नाही."

त्यानंतर मला एकेक आठवत गेलं. ताट. कोपर. ते घासत असणार ती दाराची चौकट. आणि मग स्कूटी आठवली. मी रोज स्कूटीवर बाजारात जात होतो. त्याच्या आदल्याच रविवारी नंदिनी नगरहून नातीला आणलं होतं, तिला पुढे उभी करून. त्या रस्त्यावर चुनखडीचे ट्रक एकामागे एक असतात. धुळीत आपण साइडला दबून त्यांना वाट द्यायची, हे मी इतकी वर्षं करत आलो होतो. त्या दिवशीही दबलो असणार. पण डावीकडे काय होतं? सायकलवाला होता, खड्डा होता, गाय होती, मला काहीच आठवेना. मला रस्ता पूर्ण दिसला होता, जशी बाहुली पूर्ण दिसली होती. नात सारा वेळ हँडल धरून बडबडत होती.

मी मिलमध्ये भीती बघितलेली आहे. लाल सळई वाट सोडून उसळते तेव्हा माणूस आधी पळतो, मग घाबरतो. पळायला जागा असते. इथे मी माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांमागे बसलो होतो, आणि काय नाही ते मला कळणार कसं? मी डावीकडे मान वळवून बघितलं. भिंत दिसली, कॅलेंडर दिसलं. पण त्याच्याही डावीकडे काही असेल, असं वाटून मी मान वळवतच राहिलो, तेव्हा बायकोने दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं.

जावयांना फोन केला. ते गाडी घेऊन आले आणि आम्हाला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता. त्याने दोन्ही हात पसरून बोटं हलवली आणि विचारलं, कुठलं हलतंय. मी सांगितलं तसं त्याने जावयांकडे बघितलं, आणि ते बघणं मला बरोबर दिसलं, कारण जावई उजवीकडे उभे होते. मग मला मेंदूचे फोटो काढायच्या मशीनमध्ये सरकवलं. आत घणांसारखा ठोकण्याचा आवाज होता. तो आवाज मला ओळखीचा वाटला, त्याचं भय वाटलं नाही. भय बाहेर आल्यावर वाटलं, डॉक्टर फोटो दिव्यासमोर धरून उभा होता तेव्हा.

तो म्हणाला, "बाबूजी, एक दौरा आकर जा चुका है। अब दूसरा नहीं आना चाहिए।"

नागपूरहून येतानाची ती डोकेदुखी म्हणजे मेंदूतला झटका होता आणि त्यानेच डावीकडचं दिसणं नेलं होतं, हे आणि पुढचं सगळं त्याने समजावून सांगितलं. रक्त पातळ करायची गोळी, बीपीची गोळी, मीठ कमी, गाडी बंद. नजर बरीच परत येईल म्हणाला, सगळी येईल असं म्हणाला नाही. माझ्या कानात मात्र तो 'दूसरा' अडकून बसला.

हिवाळा त्या भीतीतच गेला. पायाला मुंग्या आल्या की मी उठून चालून बघायचो. बोलताना शब्द अडला तर जीभ दातांवर फिरवायचो. सकाळी जाग आली की अंथरुणातच आधी डावी मूठ आवळायचो, मग डोळे उघडायचो. सुईला तर हातच लावला नाही. वाटायचं, बाहुली करून बघितली आणि पुन्हा अर्धीच झाली तर?

बायकोला दवाखान्यातल्या एका मॅडमनी शिकवलं होतं की माझ्याशी बोलायचं ते डावीकडून, म्हणजे नजर तिकडे वळायला शिकेल. मग ती चहा डावीकडे ठेवायची आणि नुसती उभी राहायची. मी शोधत बसायचो. चहा निवून जायचा तरी ती हात पुढे करायची नाही. "हाय तिथंच," एवढंच म्हणायची. मला तिचा रागही यायचा. पेपरच्या डाव्या कडेला तिने लाल दोरा शिवला होता. ओळ वाचायच्या आधी तो दोरा नजरेला सापडला पाहिजे. सुरुवातीला मी बोटाने चाचपत तिथवर जायचो. होळीच्या सुमारास तो डोळ्यांनीच सापडायला लागला.

उन्हाळा लागला तेव्हा मी पुन्हा बाहुली करायला घेतली. डोळे घालायच्या वेळी बायकोने दोरा ओवून दिला. पहिला डोळा मी मुद्दाम डावीकडचा घातला. पुरी झाल्यावर ती बायकोकडे न देता आधी डोळे मिटून अंगठ्याने तपासली, मग उलटी करून बघितली. आता कधी कधी बाहुलीचा डावा डोळा जरा खाली येतो, कारण माझ्या नजरेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात अजून धूसर आहे. स्कूटी जावयांना देऊन टाकली.

एवढं होईतो तिने स्वतःचं बीपी कधी मोजलं नव्हतं. मी म्हटलं की म्हणायची, मले काय झालं. पावसाळ्यात तपासणीला गेलो, तेव्हा माझं मोजून झाल्यावर मीच नर्सला म्हटलं, जरा यांचंही बघा. ती नको नको म्हणत होती तोवर पट्टा बांधून झाला होता. आकडा माझ्यापेक्षा जास्त निघाला. नर्सने पुन्हा मोजलं, पुन्हा तेच.

ऑटोत ती पदर आवळून बसली होती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिने विचारलं, "आता मले बी गोळ्या खा लागन का?"

मी हो म्हटलं. तिने मान हलवली आणि ऑटोवाल्याला इथेच थांब म्हणून सांगितलं.

आता सकाळी चहाबरोबर दोघांच्या गोळ्या निघतात. माझी दुपार बाहुल्यांत जाते, तिची मशीनवर. ती बाजारात एकटीच जाते, माझं ऐकत नाही. यायला उशीर झाला की मी हातातलं टाकून फाटकाशी जाऊन उभा राहतो. ती लांबून हात करते, आत जा म्हणून. मी जात नाही.