शेवटचा माणूस वर येईपर्यंत

माझी आत्या उलटी चालते. म्हणजे तोंड लोकांकडे आणि पाठ वाटेकडे. जुन्या राजवाड्यात सव्वीस वर्षं गाइडचं काम केल्यावर तिला सरळ चालणं जमेनासंच झालंय. घरीसुद्धा ती बोलत बोलत मागे सरकते आणि बाबांच्या पायावर पाय देते.

"ताई, हे घर आहे गं, राजवाडा नाही!" बाबा कळवळतात.

"मग तू पुतळ्यासारखा वाटेत का उभा राहतोस?"

राजवाड्यात तिला सगळे थांबाबाई म्हणत. प्रत्येक दालनाच्या दारात ती हात वर करायची. "थांबा. शेवटचा माणूस येऊ दे." कुणाच्या बुटाची नाडी सुटलेली असायची, कुणाला दम लागलेला असायचा. तो येईपर्यंत ती अवाक्षर काढायची नाही, नुसती डोकी मोजायची. आणि एखादी गोष्ट ठाऊक नसली तर खणखणीत आवाजात सांगायची, "माहीत नाही." बाकीचे गाइड अशा वेळी विषप्रयोगाची, भुयाराची एखादी थाप ठोकून देत. आत्या म्हणायची, "भुयार असतं तर मीच केव्हाची पळून गेले असते."

मग नवे अधीक्षक आले आणि त्यांनी नियम काढला: नऊ दालनं, चाळीस मिनिटं, मागे राहील त्याच्यासाठी थांबायचं नाही. सगळ्या गाइडांची पुन्हा परीक्षा होणार होती. नापास होईल त्याने बिल्ला परत करायचा.

"एक दिवस नमतं घे," बाबा म्हणाले. "बिल्ला गेला तर दिवसभर करशील काय?"

"तुझे पाय तुडवीन."

बोलली खरी, पण त्या संध्याकाळी ती कितीतरी वेळ तो पितळी बिल्ला घासत बसली होती. आधीच लखलखत होता. माझी आत्या घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मला त्या अधीक्षकांचा भयंकर राग आला.

परीक्षेच्या दिवशी मीही तिकीट काढून आत गेले. आम्ही बारा जण होतो, त्यात एक काठीवाले आजोबा. सोबत हातात घड्याळ धरून अधीक्षक. पहिली दोन दालनं वेळेत झाली. तिसऱ्याला अडतीस पायऱ्यांचा अरुंद जिना होता. आत्या तो उलटीच चढली, वर पोचली आणि तिने हात वर केला. आजोबा अजून पंधराव्या पायरीवर होते.

"बाई, वेळ चाललाय."

"माणूसही चालतोय, साहेब. येऊ दे त्याला."

"नियम वाचलात ना?"

"वाचला. चुकीचा आहे."

अधीक्षकांचा चेहरा लालबुंद झाला. "मग व्हा बाजूला. मी दाखवतो."

ते तरातरा पुढे निघाले आणि सगळे त्यांच्या मागून. मीसुद्धा. साहेब आणखी चिडायला नकोत, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर गर्दी निघाली म्हणून माझे पाय निघाले. दारातून वळून पाहिलं तर आत्या आजोबांकडे जिना उतरत होती.

साहेबांनी विष सांगितलं, भुयारही सांगितलं. एकोणचाळिसाव्या मिनिटाला आम्ही अंगणात होतो. त्यांनी आमच्याकडे बोट करत मोजलं आणि शेवटी स्वतःच्या छातीला बोट लावलं. "बारा! सगळे हजर. याला म्हणतात काम."

मला ते चुकतंय हे कळत होतं, तरी माझी जीभ उचलली नाही. पण आमच्यातलं कुणी घरी गेलं नाही. अर्ध्या तासाने आत्या आली, उलटी चालत, आणि तिच्यासमोर आजोबा, गालातल्या गालात हसत. नऊच्या नऊ दालनं पाहून आले होते.

"किती मोजलेत, साहेब?"

"बारा."

"बारावे तर हे माझ्याबरोबर आहेत."

साहेब पुन्हा मनातल्या मनात मोजायला लागले.

"नवा गाइड पहिल्या आठवड्यात हीच चूक करतो," आत्या म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, खरोखर शिकवत होती. "स्वतःला मोजायचं नसतं."

साहेबांनी कागदावर लिहिलं: वेळ सत्तर मिनिटं, अनुत्तीर्ण. आत्याने सहीसाठी पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'बारा आत गेले. अकरा साहेबांनी आणले, बारावा मी आणला. चूक मान्य नाही.' मग सही केली. बिल्ला काढला आणि साहेबांनी पुढे केलेल्या हातात न देता टेबलावर ठेवला.

परतताना माझा बांध फुटला. "आत्या, मीपण गेले गं त्यांच्या मागे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मोजत होते मी."

घरी पोचल्यावर तिने कोट काढून खुंटीला टांगला. मला वाटलं, संपलं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्याच वेळी निघाली, नेहमीचाच कोट घालून. बिल्ल्याच्या पिनेची दोन भोकं कोटावर तशीच होती. "फाटकाच्या आत साहेबांचं राज्य," ती बाबांना म्हणाली. "बाहेरचा रस्ता कुणाच्या बापाचा नाही. आणि भिंत बाहेरूनही दिसते."

मला उठायला उशीर झाला. बसमधून उतरून धावत सुटले तेव्हा ती राजवाड्याच्या भिंतीला पाठ करून रस्त्यावर उभी होती. समोर सहा माणसं होती, त्यात कालचे आजोबाही. सगळे ती बोलायची वाट पाहत होते. तिने मला लांबूनच पाहिलं आणि हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली. "शेवटचा माणूस येऊ दे."