गाडी कोण चालवत होतं

धुळ्यात अनवरीकडे गाडी शिकलेल्या बायका पुष्कळ आहेत, आणि तिची बोलणी खाल्ली नाहीत अशी त्यांत एकही नाही. क्लचवर पाय ठेवून बसलेली बाई दिसली की अनवरी तिच्या गुडघ्यावर फटकन चापट मारायची. "पाय काढ. पाट आहे का तो, ठेवून बसायला?" शिकणारी दवाखान्यातली डॉक्टरीण असो की बँकेतली साहेब, चापट सगळ्यांना सारखीच. पहिल्या आठवड्यात निम्म्या बायका रडकुंडीला येत, पण सोडून कुणी जात नसे. बाईला शिकवणारी बाई त्या भागात दुसरी नव्हती.

तिचा बाप शिरपूर ते बोराडी काळीपिवळी जीप चालवायचा. शाळेला सुट्टी असली की अनवरी त्याच्या शेजारच्या सीटवर. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या खडबडीत रस्त्यांवर ती गाडी शिकली, तेव्हा तिचे पाय ब्रेकपर्यंत जेमतेम पोचत. पुढे लग्न होऊन ती धुळ्याला आली, यंत्रमागावर काम करणाऱ्या हसनैनच्या घरात. हसनैन मुळातच कमी बोलणारा, त्यात दिवसभर मागाच्या खडखडाटात तोंड उघडून उपयोग नसायचा. घरी आल्यावरही तो तसाच. त्याच्या वाटणीचं बोलणं सासूबाई बोलायच्या. सून गाडी शिकवणार म्हटल्यावर त्यांनी कितीतरी दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. धाकटा दीर अतिक त्यांच्याही वरचा. "आमच्याकडची बाई रस्त्यावर कमावते," असं तो चौकात हसून सांगायचा, आणि संधी मिळाली की त्याच गाडीतून मित्रांना फिरवून आणायचा.

ती गाडी म्हणजे एक जुनी पांढरी मोटार. शेजारच्या सीटसमोर, पायाशी, अनवरीसाठी वेगळा ब्रेक आणि क्लच बसवलेला. टपावर पिवळी पाटी: 'अनवरी मोटार ड्रायव्हिंग क्लास, फक्त महिलांसाठी'.

त्या ऑगस्टात पावसानं जोर धरला. पांझरा दोन्ही काठ धरून वाहू लागली, खालचे पूल बंद झाले. अनवरीनं सगळ्या बायकांना फोन करून क्लास रद्द केला आणि गाडी अंगणात लावून टाकली. सकाळी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तर अंगण रिकामं. खिळ्यावरची चावीही नाही.

"अतिक साक्रीला गेलाय," सासूबाई म्हणाल्या. "दोस्ताकडे काम आहे त्याचं. त्यात एवढं डोळे वटारायला काय झालं?"

"अशा पाण्यात? कुणाला विचारून?"

"घरातली गाडी आहे. घरातल्याला विचारावं लागतं का?"

अतिकचा फोन लागत नव्हता. दुपार कलल्यावर गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली. ट्रॅक्टरच्या मागे दोराला बांधलेली पांढरी गाडी होती. दाराच्या मुठींपर्यंत चिखलाचा पट्टा उमटलेला, पुढच्या जाळीत कडब्याची ताटं अडकलेली. आत स्टिअरिंगवर अतिक बसलेला, कपडे कमरेपर्यंत भिजलेले.

"काही नाही झालं," उतरता उतरताच तो म्हणाला. "पावसात बंद पडली फक्त."

ट्रॅक्टरवाला म्हातारा शेतकरी होता, रुपचंद नावाचा. तो दोर सोडता सोडता थांबला. "पाऊसमा?" त्यानं अतिककडे पाहिलं आणि मग अनवरीकडे वळला. "ताई, गाडी तुमनी शे का? आम्ही बठ्ठा सांगी ऱ्हायंतूत, भाऊ, नालाना पाणीले जोर शे, जराखा थांब. यानी आयकं नही. फरशीवर मधमा गाडी बंद पडनी, तरी हाऊ चाबी फिराईच ऱ्हायंता."

अतिक त्याच्यावर ओरडला, "तुला कुणी विचारलं? चल, निघ आता."

"मी निघस," रुपचंद म्हणाला. "पण तुले काढाले मना पोऱ्या पाणीमा उतरना व्हता, इतलं ध्यानमा ठेव." तो ट्रॅक्टर वळवून गेला. अनवरी त्याला चहा विचारेपर्यंत तो गल्लीबाहेर पडलाही होता.

तिनं बॉनेट उघडलं. हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं तर आतून गढूळ पाणी तिच्या हातावर सांडलं. ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं झालं होतं. ती तशीच उभी होती, तेवढ्यात अतिक पुन्हा आत जाऊन बसला.

"एकदा सेल मारतो. होईल चालू."

अनवरीनं दार उघडून त्याचं मनगट धरलं आणि चावी हिसकावून घेतली. "हात लावशील तर याद राख."

"भाभी, जबान सांभाळा."

"पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायची नसते, हे माझ्याकडे पहिल्या दिवशी आलेल्या बाईला सांगते मी. पाणी इंजिनात ओढलं जातं. तू किती वेळा चावी फिरवलीस?"

 अतिक दार आपटून घरात गेला आणि आतून त्याचा आवाज आला, "लोखंडाच्या डब्यासाठी माझ्या अंगावर हात टाकला हिनं, अम्मी."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून अनवरीचा फोन वाजू लागला. पलीकडच्या काठावरून कुणीतरी व्हिडिओ काढला होता. नाल्यावरच्या फरशी पुलावर पाण्यात अडकलेली पांढरी गाडी, काचा वर, आत कोण ते दिसत नाही. टपावरची पिवळी पाटी मात्र लख्ख वाचता येत होती. खाली कुणीतरी लिहिलं होतं: 'बायकांना शिकवणाऱ्या बाईंचं ड्रायव्हिंग बघा.' त्यावर हसणाऱ्या तोंडांच्या रांगा. ज्या बायकांनी तिच्या चापटा खाल्ल्या होत्या त्यांच्यापर्यंतही तो पोचला होता. काहींनी काळजीनं विचारलं. काहींनी काही न विचारता येणं थांबवलं.

गाडी ओढून अय्युबच्या गॅरेजात नेली. अय्युब तिचा मावसभाऊ. तिची गाडी नेहमी तोच बघायचा. त्यानं इंजिन खोललं आणि वाकलेला रॉड तिच्या हातात दिला. "आपा, हे इंजिन गेलं. गिअरबॉक्समध्येही गाळ आहे. वायरिंग वाळल्यावर काय काय निघेल ते आता सांगता यायचं नाही. पण तुमचा विमा आहे ना?"

विमा होता. पाण्यानं इंजिन गेलं तरी भरपाई मिळेल असं जादाचं कव्हरही तिनं घेतलं होतं, दरवर्षी घरात बोलणी खाऊन. कंपनीच्या माणसानं फोनवर पहिलाच प्रश्न केला: "मॅडम, गाडी कोण चालवत होतं? त्यांचं लायसन्स लागेल." अतिकचं लायसन्स केव्हाच संपलं होतं. ते नवं करून आण म्हणून अनवरीच त्याच्या मागे लागली होती, आणि त्यानं प्रत्येक वेळी हात झटकले होते.

घरात हे कळलं तेव्हा सासूबाईंनी लगेच उपाय काढला. 

"मग तू चालवत होतीस असं सांग," त्या म्हणाल्या. "तुझं लायसन्स आहे. गाडी नीट होईल, पोराचं नावही निघणार नाही. पोलिसांचं लफडं लागलं तर?"

"आणि माझं नाव?"

"तुझ्या नावाला काय झालंय?"

"अम्मी, सगळं गाव तो व्हिडिओ बघून हसतंय. आज लोक नुसतं समजतायत की मी होते. मी सही करून दिली की ते खरं होईल. पुरात गाडी घालणाऱ्या बाईकडे कोण येईल शिकायला?"

अतिक भिंतीला टेकून उभा होता. "आधीच कोण येतंय?" तो म्हणाला. "तेवढ्यासाठी दिराला फासावर चढवा."

अनवरीनं नवऱ्याकडे पाहिलं. हसनैन मान खाली घालून चपातीचा तुकडा मोडत होता. तो म्हणाला, "बघू." एवढंच.

चेलना ही तिची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. कापडाचे व्यापारी जवरीलाल यांची सून. आठवडाभरात तिची लायसन्सची परीक्षा होती आणि ती फोन उचलत नव्हती. अनवरी सरळ बाजारात जवरीलालच्या दुकानात गेली. शेठ गादीवर बसले होते. त्यांनी तिला बसा म्हटलं नाही.

"सुनेला नाही पाठवणार आम्ही," ते म्हणाले. "तुम्ही स्वतःच पाण्यात उड्या मारता. आमची मुलगी काय फुकट आहे?"

"शेठजी, गाडी मी चालवत नव्हते. माझा दीर होता."

"असं तुम्ही म्हणता."

"मी घरी होते. क्लास रद्द केला म्हणून चेलनाला मीच फोन केला होता. विचारा तिला."

"मला कशाला विचारायला लावता?" जवरीलालनी समोरच्या गिऱ्हाईकापुढे थान उलगडलं. "तुमच्या घरची भानगड तुम्ही बघा. पाटीवर नाव तुमचं आहे. दुसऱ्याच्या हातात गाडी गेलीच कशी?"

 दुकानाच्या पायऱ्या उतरताना तिचे कान तापले होते. घरातल्या माणसाला नाही म्हणायचं तिनं इतकी वर्षं टाळलं, ते या परक्या, अहंकारी माणसानं गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवलं, याचा तिला फार राग आला. घरी जाईपर्यंत तो राग जवरीलालवरून उतरून जिथं जायचा तिथं, अतिकवर, गेला होता.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला त्या दिवशी अतिक स्वतःहून गॅरेजात हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर हसू. सर्व्हेअरनं गाडीचे फोटो काढले, वाकलेला रॉड पाहिला.

"गाडी कोण चालवत होतं?"

"भाभीच होत्या," अतिक म्हणाला. "अचानक पाणी वाढलं साहेब, बाईमाणूस, घाबरल्या."

अय्युबच्या हातातला पाना थांबला. अनवरी आतापर्यंत चिडलेली होती. 'बाईमाणूस, घाबरल्या' हे ऐकून तिचं डोकं थंड झालं. आवाजही तिनं चढवला नाही.

"मी घरी होते," तिनं सर्व्हेअरला सांगितलं. "गाडी यानं चालवली. मला न विचारता नेली. याचं लायसन्स संपलेलं आहे. लोक नको म्हणत असताना यानं ती नाल्यात घातली, आणि बंद पडल्यावर चालू करत राहिला."

सर्व्हेअरनं चष्म्यातून दोघांकडे पाहिलं. "मॅडम, हे मी असंच लिहिलं तर क्लेम मंजूर होणार नाही. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. लिहा."

अतिकनं पुढे येऊन तिचा दंड धरला. "वेडी झालीस काय?" आजवर तिला तो तुम्ही म्हणायचा. अय्युब मध्ये पडला, दोघांची झटापट झाली, अतिकच्या शर्टाला ग्रीस लागलं. जाताना तो सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असा ओरडला, "हिनं घर विकलं! गाडीसाठी घर विकलं हिनं!"

क्लेम नामंजूर झाला. पोलिसांचं काहीच लफडं झालं नाही. सासूबाईंनी मात्र त्याच आठवड्यात चूल वेगळी केली. पुढची खोली त्यांची आणि अतिकची, मागची अनवरी-हसनैनची. गल्लीत दोन तट पडले. घरातलं माणूस परक्यापुढे उघडं पाडलं, म्हणून काही बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. काहीजणी मुद्दाम येऊन म्हणाल्या, "बरं केलंस," आणि आणखी काही कळतंय का म्हणून बसून राहिल्या. दोन्ही प्रकारच्या बायकांना तिनं दारातूनच वाटेला लावलं.

गाडी अय्युबकडे महिनोन्महिने उभी होती. भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं इंजिन मिळेपर्यंत अनवरी लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याच गाडीवर शिकवू लागली. तिथं तिच्या पायाखाली ब्रेक नसायचा. एकदा देवपूरच्या एका बाईनं थेट भिंतीवर गाडी नेली; अनवरीनं हँडब्रेक ओढला म्हणून दिवा फुटण्यावर निभावलं. त्या बाईच्या नवऱ्यानं तिलाच सुनावलं. तिनंही त्याला सुनावलं आणि ते घर सुटलं. चेलना परत आली नाही. बाजारात एकदा शेठच्या गाडीत मागच्या सीटवर दिसली. अनवरीनं हात केला, तर तिनं मान खिडकीकडून फिरवली.

थंडीत गाडी दुरुस्त होऊन आली. मागची एक काच खाली होत नव्हती, आणि दमट हवा असली की हॉर्न आपोआप वाजायचा. तरीही शिकायला दोन नव्या बायका मिळाल्या. पहिल्या दिवशी त्या गाडीत बसल्या आणि अनवरीनं गाडी काढली, तर गल्लीच्या तोंडाशी अतिकची मोटारसायकल आडवी लावलेली. तो शेजारच्या ओट्यावर बसून चहा पीत होता. तिनं हॉर्न दिला. त्यानं बशीत चहा ओतला. तिनं पुन्हा हॉर्न दिला. सासूबाई दारात आल्या आणि हसू लागल्या.

हसनैन कामावर निघाला होता. त्यानं डबा ओट्यावर ठेवला, मोटारसायकलचं हँडल धरलं आणि ती ढकलत नेऊन भिंतीला लावली.

"भाई, हात नका लावू," अतिक उठला.

"परत आडवी लावलीस तर नाल्यात टाकीन," हसनैन म्हणाला. गल्लीतल्या बऱ्याच लोकांनी त्याचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यानं डबा उचलला आणि मागे न बघता यंत्रमागाकडे चालू लागला.

तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. ईदलाही दोन खोल्यांत दोन वेगळ्या ताटांवर जेवतात. अनवरीला त्याचं वाईट वाटतं का, असं अय्युबनं एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, रात्री वाटतं. सकाळी बायका येतात, तेव्हा वेळ नसतो.