नारळाच्या दुधातली रम

जपानबरोबरची लढाई संपली त्या हिवाळ्यात जिजीचा मुलगा फौजेतून घरी आला. जिजी म्हणजे आमची शेजारीण, शेतकरी घरातली, माझ्या आईच्या वयाची. माझे यजमान नंदुरबार स्टेशनात पाण्याच्या पंपावर होते, म्हणून मी मालवणाकडची पोर इतक्या लांब येऊन पडले होते. शाळा तिसरीत सुटलेली, इथली बोली कळायची नाही, ताटात मासा नाही की ओलं खोबरं नाही. पहिल्या बाळंतपणात माहेरचं कुणी पोचू शकलं नाही. तेव्हा शेक-शेगडीपासून बाळाच्या टाळूवर तेल घालण्यापर्यंत सगळं जिजीने केलं. तिचे उपकार मी कशाने फेडणार होते?

आणि त्याच जिजीपासून मी एक गोष्ट लपवत होते. माझे बाबा माडावर चढून माडी, म्हणजे नारळाच्या झाडाची ताडी, काढत. इथे कुणी माहेरचं विचारलं की मी म्हणायची, "आमच्याकडे नारळाची बाग आहे." बाग होती, पण दुसऱ्याची. जिजीचे मालक, आबा, एकदा ओट्यावर बसून कुणाबद्दल तरी म्हणाले होते की ताडाखाली बसून ताक प्यायलं तरी लोक ताडीच म्हणणार. ते ऐकल्यापासून माझं तोंड आणखीच मिटलं. गल्लीतल्या बायका माझ्या हातचं पाणी पीत, मला हळदीकुंकवाला बोलावत. ते तुटलं असतं तर या मुलखात मला कोण होतं?

तर जिजीचा मुलगा आला तो एक पाय ओढतच. त्याला गोळी लागली तेव्हा त्याच्या हवालदाराने त्याला पाठीवर टाकून बाहेर काढलं होतं. ते हवालदार आता सुटीवर गावी जाताना वाट वाकडी करून त्याला भेटायला येणार होते. जिजीने भरीत, कळण्याची भाकरी, मांडे, सगळं ठरवलं. मुलगा म्हणाला, "माय, हवालदारसाहेबले एकच गोष्ट भलती आवडे. सिलोनमा रम नारळना दूधमा देयेत ते." रमची बाटली त्याने फौजेतून आणलीच होती.

आबा कडाडले, "हाई बाटली मन्हा घरमा उघडानी नही!" मग जरा वेळाने, पगडी सारखी करत म्हणाले, "शेजारनं घर काही मन्हं नही."

जिजी लगेच बाटली पदराखाली घेऊन माझ्याकडे आली. "माय व, तुम्ही कोकणना लोके नारळबिगर जेवतस नही. तुले येस का हाई?"

येत होतं, अगदी चांगलं येत होतं. मासेमारीचे मचवे किनाऱ्याला लागले की ते हाकणारे तांडेल आमच्या अंगणात बसायचे, आणि बाबा माडाची दारू नारळाच्या रसात घालून त्यांना द्यायचे. रस पिळायचं काम माझं. नाही म्हटलं असतं तर सुटले असते. पण इतक्या वर्षांत जिजीने माझ्याकडे प्रथमच काही मागितलं होतं.

"येतं," मी म्हटलं. आणि तिच्या देवघरात एक शेंडीचा नारळ पाहिला होता तो आठवून लगेच पुढे म्हटलं, "तुमच्या देवापाशी नारळ आहे, तोच द्या की फोडायला."

जिजीने कपाळावर हात मारला. "माय व माय! ती कानबाई शे मन्ही! देवीले किसस का तू?" इकडे श्रावणात नारळालाच देवी मानून पुजतात आणि तो वर्षभर घरात जपतात, हे मला कुठे ठाऊक! मी कान धरले, आणि ती हसता हसता उंबऱ्यातच बसली.

शेवटी यजमानांनी सुरतेकडच्या गाडीच्या गार्डाला सांगून नारळ आणवले. पाणी असलेले, हलवले की बोलणारे. विळीवर खोबरं खवायला बसले आणि हात आपोआप चालू लागले. कोमट पाणी शिंपडून पहिला दाट रस काढला, फडक्यातून गाळला. गूळ विरघळवून, गार करून घातला. जायफळ दगडावर दोनदा फिरवलं. मातीच्या नव्या मडक्यात ओतून मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं. रम अगदी पाहुणा दारात आल्यावर. लिंबू त्याच्याही नंतर, पेल्यातच, नाहीतर रस फाटतो.

हवालदार आमच्या ओसरीवर टेकले. आबा पलीकडे आपल्या ओट्यावर, पाठ फिरवून, पण कान इकडे. मी दाराआड.

हवालदारांनी घोट घेतला, डोळे मिटले. "अरे, सिलोनमध्येसुद्धा असं नव्हतं! कुणी केलं हे? कुठं शिकलं?"

जिजी माझ्याकडे पाहू लागली. बाग, आई, मावशी, काहीही सांगता आलं असतं. पण ते कौतुक माझ्या बाबांचं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या नावावर जाऊ द्यायला माझं मन धजेना. पदर सावरून मी बाहेर आले.

"मी केलं. माझ्या बाबांनी शिकवलं. ते माडी काढतात."

पलीकडून आबांचा आवाज आला. "आमले ठाऊक शे ते. तुन्हा भाऊ तुले भेटाले उना व्हता ना, तो नदीकाठना शिंदीना झाडवर खारूताईनागत सरसर चढना. अख्खा गावनी देखं. असा काय बागवान ऱ्हास?"

"मग तुम्ही कुणी बोलला नाहीत?"

"तू सांगत नही, आमी इचारत नही," जिजी म्हणाली. "मान खाले घालाना धंदा शे का तो?"

हवालदारांनी पेला पुढे केला, आणखी हवं म्हणून. आबा अजून पाठमोरेच होते. ते म्हणाले, "पोरी, मले बी दे. ती बाटली सोडीसन."

मी बिनरमचा पेला भरून, लिंबू पिळून, त्यांच्या ओट्यावर नेऊन दिला. त्यांनी तो सगळा संपवला, मिशा पुसल्या आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, तरी मी सांगायला सुरुवात केली. आमचे माड केवढे उंच, वर गेलेला माणूस खालून ओळखू येत नाही, वारा सुटला की झाड झुलतं आणि माझे बाबा वर गाणं म्हणत मडकं बांधतात. घागरी भरल्या तरी बायका तिथेच उभ्या होत्या.

"मंग?" एकीने विचारलं. "पडतस नही का?"

"माझे बाबा?" मी म्हटलं. "कधीच नाही."